गोळी आधी की दारू सोडणं आधी?

"काल बसलो होतो, म्हणून गोळी घेतली नाही." एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) केंद्रातल्या समुपदेशकाला हे वाक्य नवं नसतं. सांगणारा माणूस बेफिकीर असतो असंही नाही. आपण खबरदारीच घेतली, अशी त्याची समजूत असते. औषध आणि दारू पोटात एकत्र आली की लिव्हर जातं, हे त्याने सगळीकडून ऐकलेलं आहे. दोन्हींतलं एक टाळायचं, तर दारू त्या रात्री टळणार नसते, म्हणून तो गोळी टाळतो. आठवड्यातून दोनदा बसणारा माणूस या हिशेबाने महिन्याला आठ-नऊ गोळ्या सोडतो आणि तरी 'औषध नीट चालू आहे' असं मनापासून सांगतो.

अमेरिकेतले संशोधक सेथ कॅलिचमन यांनी अटलांटातल्या रुग्णांबरोबर नेमक्या याच समजुतीचा पाठपुरावा केला. दारू आणि एचआयव्हीची औषधं एकत्र आली की विष होतं असं मानणारी माणसं पिण्याच्या दिवशी गोळी मुद्दाम सोडतात, आणि काही जण तर अंगातली दारू पुरती उतरेपर्यंत औषधाला हात लावत नाहीत, असं त्यांना आढळलं. नशेत विसरणं हे गोळी चुकण्याचं एक कारण झालं. शुद्धीवर असताना घेतलेला निर्णय हे दुसरं, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. वाईट म्हणजे या निर्णयाला खतपाणी बऱ्याचदा दवाखान्यातूनच मिळतं. 'गोळी चालू आहे, आता दारू बंद' असं डॉक्टर बजावतात ते चांगल्या हेतूने. ऐकणारा त्याचा अर्थ घेतो, की दारू चालू असेल तर गोळी बंद.

या लेखात एचआयव्ही, व्यसन आणि नैराश्य या तिन्हींचा एकत्र विचार करायचा आहे, कारण ती तिन्ही दुखणी पुष्कळदा एकाच माणसाच्या अंगावर असतात. त्यांवरचे उपचार मात्र तीन दारांत वाटलेले आहेत. हा आढावा घेताना माझं एक मत पक्कं होत गेलं, ते आधीच सांगून टाकतो. गोळी ही दारू सोडल्याचं बक्षीस नाही. दारू चालू असताना, मन बसलेलं असताना, त्या दोन्हींवरचे उपचार अर्धवट असतानाही गोळी चालूच राहिली पाहिजे, आणि ती चालू ठेवण्याच्या निमित्ताने बाकीच्या दोन गोष्टींना हात घालता येतो.

मध्य रेल्वेवरच्या भांडुपचं उदाहरण घेऊ. पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्ग, त्याच्या दुतर्फा जुने कारखाने: जीकेडब्ल्यू, सिएट, एशियन पेंट्स. त्यामागे टेकडीवर चढत गेलेल्या वस्त्या: टेंभीपाडा, तुळशेतपाडा, हनुमान नगर, खिंडीपाडा. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी हा भाग भरला. कायम नोकरीच्या जागी पुढे कंत्राटी काम, सिक्युरिटीची बारा तासांची ड्यूटी, रिक्षा, डिलिव्हरी आली. मुंबईचं पाणी शुद्ध करणारा महापालिकेचा अवाढव्य प्रकल्प भांडुप संकुलात आहे, आणि त्याच टेकडीच्या अंगावरच्या वस्त्यांत घराघराचा दिवस नळाला पाणी येण्याच्या वेळेवर ठरतो. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसं. तीस गोळ्यांची बाटली हलवली की खुळखुळते. ती कुठे ठेवायची, कुणासमोर उघडायची, पाहुणा मुक्कामाला आला तर काय सांगायचं, हे प्रश्न औषधाच्या माहितीपत्रकात नसतात. गोळी चुकण्याच्या कारणांत मात्र ते वरच्या क्रमांकावर असतात.

आता अशा वस्तीतल्या एका माणसाला तिन्ही उपचार हवेत असं समजा. एआरटी केंद्र एका इमारतीत, मानसोपचाराची ओपीडी दुसऱ्या वारी दुसऱ्या मजल्यावर, व्यसनमुक्ती केंद्र तिसऱ्याच उपनगरात. सायन असो की केईएम, सकाळची ओपीडी म्हणजे त्या दिवसाचा खाडा. महिन्यात तीन खाडे झाले की मुकादम दुसरा माणूस बघतो. तिन्हींपैकी एकच दार परवडणार असेल, तर तो एआरटीचं निवडतो आणि बाकीची दोन सोडतो. ती दोन सुटली की काही महिन्यांनी पहिलंही सुटतं.

ही गोळी इथवर कशी आली, तेही थोडक्यात पाहू. भांडुपपासून दोन स्टेशनांवर, विक्रोळीला याच शास्त्री मार्गावर सिप्लाचं जुनं आवार आहे. याच कंपनीच्या युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. तोवर श्रीमंत देशांत त्याला दहा-पंधरा हजार डॉलर पडत होते. भारत सरकारचा मोफत एआरटी कार्यक्रम १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला आणि पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तेव्हा औषध थोडं, गरजू फार. सीडी-फोर पेशी २०० च्या खाली गेल्याशिवाय सहसा औषध मिळत नसे. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर गेली आणि २०१७ पासून एचआयव्हीचं निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच उपचार, असं धोरण आलं.

त्या टंचाईच्या काळाने एक सवय मागे ठेवली. औषध अर्धवट घेतलं तर विषाणू त्याला दाद देईनासा होतो, म्हणून बेभरवशाच्या माणसाला ते द्यावं की नाही, असा प्रश्न जगभरचे डॉक्टर विचारत होते, आणि पिणारा किंवा गर्द ओढणारा माणूस त्यांच्या लेखी बेभरवशाचाच होता. 'आधी दारू सोडून ये, मग बघू' हे त्या काळचं वाक्य. धोरण बदललं, तरी असली वाक्यं जिभेवरून सहज जात नाहीत.

बेभरवसा म्हणजे किती, याचं उत्तर २००० साली पिट्सबर्गच्या डेव्हिड पॅटरसन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दिलं. शंभरातल्या किमान पंच्याण्णव मात्रा घ्यायलाच हव्यात. हा आकडा जगभर पाठ झाला. दिवसाला एक गोळी असेल तर महिन्यात एक चुकली तर चालेल, दोन चुकल्या की पंच्याण्णवच्या खाली. पण त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष फारसा पाठ झाला नाही. ज्यांना त्या वेळी मानसिक आजार होता, त्यांच्या गोळ्या चुकण्याची शक्यता जास्त होती. पंच्याण्णव टक्क्यांचा तक्ता समुपदेशकाच्या टेबलावर आला, नैराश्याची चौकशी आली नाही.

औषधंही बदलली, आणि हा बदल पिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मोठा आहे. जुन्या एकत्रित गोळीत इफाविरेन्झ होतं. त्याने चक्कर यायची, भलभलती स्वप्नं पडायची, काहींचं मन खचायचं. म्हणून ती रात्री झोपताना घ्यायला सांगत. म्हणजे बसण्याची वेळ आणि गोळीची वेळ एकच. त्यात आधीच उदास असलेल्या माणसाला उदासी वाढवू शकणारं औषध. २०२० नंतर सरकारी केंद्रांत टीएलडी आली: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर, तिन्ही एका गोळीत. ती दिवसाच्या कुठल्याही ठरलेल्या वेळी घेता येते, आणि डोल्युटेग्राविरला विषाणू सहजी दाद देईनासा होत नाही. तरीही जुन्या रुग्णांची सवय रात्रीचीच असते. संध्याकाळी पिणाऱ्या माणसाला समुपदेशकाने एकच सल्ला द्यायचा असेल, तर तो दारूबद्दल नसावा. गोळी सकाळी आण, असा असावा. टेकडीवरच्या वस्तीत पाण्याची वेळ चुकत नाही, तिला गोळी बांधता येते. हंडे भरले की गोळी. रात्री काय होईल ते होवो, त्या दिवसाची मात्रा पोटात गेलेली असते.

आणि दुसरा सल्ला, स्पष्ट शब्दांत: प्यायला असलास तरी गोळी घे. दारूने यकृताचं जे व्हायचं ते होतंच, ते या गोळीमुळे होत नाही. उलट ज्याला हेपटायटिस बी आहे त्याच्या बाबतीत टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात, आणि गोळी अचानक बंद केली तर ती कावीळ उसळू शकते. लिव्हर वाचवायला गोळी सोडणारा माणूस नेमकं उलटं करून बसतो.

पिणाऱ्यांच्या बाबतीत खरी सावधगिरी वेगळ्याच ठिकाणी लागते. रात्रीच्या दारूनंतर सकाळी ॲसिडिटी, मग नाक्यावरच्या मेडिकलमधून घेतलेली अँटासिडची गोळी किंवा गुलाबी पातळ औषध. त्यातले ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे क्षार डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात आणि औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. म्हणून अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर टीएलडी घ्यायची. कार्बामाझेपिन हे फिटचं औषध दारू सोडवताना आणि मनोविकारातही वापरलं जातं, आणि तेही डोल्युटेग्राविरची रक्तातली पातळी खाली आणतं. टीबी झाला आणि रिफाम्पिसिन सुरू झालं, तर डोल्युटेग्राविरची दिवसातून आणखी एक मात्रा लागते. मुंबईत टीबी आणि एचआयव्ही किती वेळा जोडीने येतात ते सांगायला नको. यातलं काहीही रुग्णाने पाठ करायची गरज नाही. पण मानसोपचारतज्ज्ञाने लिहिलेली चिठ्ठी एआरटीच्या डॉक्टरला दिसली पाहिजे आणि एआरटीचं ग्रीन बुक, म्हणजे रुग्णाची उपचारांची नोंदवही, मानसोपचारतज्ज्ञाला. तीन दारांची खरी किंमत इथे कळते. रुग्ण दोन्हीकडे इमानदारीने जातो आणि कागद मात्र एकमेकांना भेटत नाहीत. पुष्कळदा तो ग्रीन बुक मुद्दाम घरी ठेवतो, कारण दुसऱ्या खिडकीवर ते कोण बघेल याचा भरवसा नसतो.

नैराश्याबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण ते दारूसारखं तोंडाला वास देत नाही. झोप लागत नाही, डोकं जड, अंगात ताकद नाही, कामात मन नाही, टेन्शन आहे, अशा शब्दांत ते केंद्रात येतं आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन परत जातं. नैराश्य आणि गोळ्या चुकणं यांचा संबंध कितीतरी देशांत दिसला आहे. जेफ्री गोन्झालेझ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ९५ अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा हा संबंध सगळीकडे सारखा आढळला. पूर्ण नैराश्य होण्याची वाट बघावी लागत नाही. मन थोडं जरी खाली गेलं, तरी गोळ्या चुकायला लागतात. 'कशासाठी घेऊ' हा प्रश्न एकदा मनात बसला, की मोबाइलचा गजर काही करू शकत नाही.

मग नैराश्यावर औषध दिलं की एचआयव्हीची गोळी आपोआप सुरळीत होईल? इथे पुरावा आपल्याला हवा तसा वागत नाही. अमेरिकेत ब्रायन पेन्स यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या चाचणीत एचआयव्हीच्या दवाखान्यातच नैराश्याची औषधं शिस्तीने, मोजमाप करून दिली. नैराश्य लवकर कमी झालं. पण एचआयव्हीच्या गोळ्या घेण्यात फरक पडला नाही. दुसऱ्या बाजूला स्टीव्हन सॅफ्रन यांनी नैराश्याचा समुपदेशनाने उपचार करतानाच प्रत्येक भेटीत गोळ्यांचा विषयही घेतला. वेळ कोणती, अडचण कोणती, ती चुकली तर काय करायचं. तिथे दोन्हींत सुधारणा झाली. इंजेक्शनने नशा करणाऱ्या आणि व्यसनमुक्तीचे उपचार चालू असलेल्या लोकांवर हाच प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार चालू असेपर्यंत गोळ्यांची घडी नीट बसली. भेटी थांबल्या तशी ती विस्कटली, मनाची सुधारणा मात्र टिकली. या अभ्यासांतून मी एवढंच घेतो, की मन आणि गोळी एकाच टेबलावर एकाच बोलण्यात यायला हवी, आणि ते टेबल सहा महिन्यांनी उचलून नेता येणार नाही.

मुंबईत दारूचा प्रश्न एआरटी केंद्रांतच हाताळून बघण्याचा एक मोठा प्रयत्न झालेला आहे. कनेक्टिकट विद्यापीठाचे स्टीफन शेन्सूल, पॉप्युलेशन कौन्सिलचे निरंजन सग्गुर्ती आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या पाच एआरटी केंद्रांत, दारू पिणाऱ्या पुरुष रुग्णांबरोबर तीन प्रकारे काम केलं: एकेकट्याचं समुपदेशन, गटात बसून चर्चा, आणि रुग्णांनी एकत्र येऊन आपल्या मागण्या मांडणं. केंद्र बदलत क्रमाने तिन्ही प्रकार वापरले. मला यातली तिसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पिणारा माणूस एकटा पीत नाही. टोळकं असतं, पगाराचा दिवस असतो, हळद आणि बारसं असतं. त्याला एकट्याला खुर्चीत बसवून 'सोड' म्हणणं म्हणजे सगळा भार त्याच्याच खांद्यावर टाकणं. तोच आजार असलेली, तेच टोळकं ओळखणारी चार माणसं सोबत असली तर गोष्ट वेगळी होते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे गट मुंबईत कित्येक दशकं याच तत्त्वावर चालत आले आहेत. पण त्यात बसून 'मला एचआयव्ही आहे' असं म्हणायची हिंमत किती जणांना होते, हा प्रश्न उरतोच. एआरटी केंद्रातल्या गटात निदान ते गुपित आधीच फुटलेलं असतं.

घरच्यांच्या हाती मात्र वेगळंच काही पडतं. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती असतात: पिणाऱ्याला न कळवता दारू सोडवा, पावडर जेवणात मिसळा. बायको आणि आई हताश होऊन तिथे फोन करतात. या पुड्यांत काय असतं ते लेबलावरून कळत नाही. दारू सोडवण्यासाठीचं डायसल्फिराम हे खरं औषध असलं, तरी ते घेऊन कुणी नकळत प्यायला, तर उलट्या, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी जीव जाणं इथवर मजल जाते. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. शिवाय रोज भाजीत काही मिसळलं जातंय असा संशय एकदा आलेला नवरा घरातल्या कुठल्याच गोळीवर विश्वास ठेवत नाही.

आणि ती बायको? नवऱ्याकडून संसर्ग झालेल्या, त्याच्या गोळ्यांची राखण करणाऱ्या, त्याच्या मागे विधवा झालेल्या बायकांची एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. तिच्या गोळ्या सहसा चुकत नाहीत, म्हणून तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. रजिस्टरमध्ये ती उत्तम रुग्ण असते. तिची झोप गेलेली आहे, ती मिश्री वाढवते आहे, जेवण सोडते आहे, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. गोळ्यांची संख्या एवढंच मोजमाप ठेवलं, तर नैराश्याचे अर्धे रुग्ण आपण 'चांगले' म्हणून निकालात काढू.

नशेच्या बाकीच्या पदार्थांचं चित्र वेगळं आहे. १९८० च्या दशकात मुंबईत गर्द आलं आणि 'गर्दुल्ला' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं ते याच लाटेत. वांद्र्यात फादर जो परेरा यांची कृपा फाउंडेशन १९८१ पासून व्यसनमुक्तीचं आणि पुढे त्याबरोबर एचआयव्हीचंही काम करत आली आहे. मुंबईतल्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने एल्ड्रेड टेलिस यांच्या पुढाकाराने नशा करणाऱ्यांना आहे त्या अवस्थेत, रस्त्यावर जाऊन, सुया आणि औषधं दिली, आणि एचआयव्ही झालेल्यांना रुग्णालयांत मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. गर्द किंवा हेरॉइनच्या जागी बुप्रेनॉर्फिनची गोळी रोज केंद्रात जिभेखाली देण्याची पद्धत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नाको) कार्यक्रमातही आहे. माणूस रोज त्या खिडकीवर येतोच, तर एचआयव्हीची गोळीही तिथेच द्यावी, हे सरळ गणित आहे, आणि जिथे असं केलं तिथे ते चालू असेपर्यंत फायदा दिसला. इंडोनेशिया, युक्रेन आणि व्हिएतनाममध्ये झालेल्या एचपीटीएन ०७४ या चाचणीत (२०१८) इंजेक्शनने नशा करणाऱ्या एचआयव्हीग्रस्तांना एक सोबती दिला. त्याने त्यांना दवाखान्यांच्या दारांतून वाट काढून द्यायची, आणि जोडीला समुपदेशन. नशा सोडण्याची अट नव्हती. वर्षभरात अधिक लोकांचा विषाणू आटोक्यात आला आणि मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. एमडीसारख्या (मेफेड्रोन) उत्तेजक पदार्थांवर मात्र बुप्रेनॉर्फिनसारखी जागा घेणारी गोळी नाही. तिथे बोलणंच करावं लागतं.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने (अंमल १० सप्टेंबर २०१८ पासून) संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला बंदी केली आणि सुयांसारखे जोखीम कमी करण्याचे उपाय गुन्हा ठरणार नाहीत असं सांगितलं. २०१७ च्याच मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि नशेशी जोडलेल्या मानसिक अवस्था 'मानसिक आजारा'तच धरल्या आहेत. कागदावर तीन दारं केव्हाच एक झाली आहेत म्हणायची.

आणि आता गोव्याकडे वळतो, कारण मला सगळ्यांत आशा वाटते ती तिथल्या कामात. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापलेल्या संगथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक केलं. त्यांच्या दोन चाचण्या 'लॅन्सेट'मध्ये आल्या. एक तीव्र नैराश्यासाठी, सहा ते आठ भेटींची. त्यात भूतकाळ खणत बसायचं नाही. माणसाने सोडून दिलेल्या छोट्या गोष्टी पुन्हा सुरू करायच्या: सकाळी बाहेर पडणं, बहिणीला फोन, अडकलेलं एखादं काम. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, नेहमीच्या उपचारांवरचे ३९ टक्के. दुसरी चाचणी जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठी, फार तर चार भेटींची: सावरलेले ३६ टक्के विरुद्ध २६ टक्के. दुसऱ्या आकड्यात एक मेख आहे. जे पीत राहिले, त्यांच्या पिण्याचं प्रमाण या भेटींनी कमी झालं नाही. म्हणजे चार भेटींत चमत्कार होत नाही. पण दहातला एक माणूस जास्तीचा सावरणं, तेही डॉक्टरशिवाय, ही थोडी गोष्ट नाही.

गोव्यातलं हे काम एचआयव्हीच्या केंद्रांत झालं नव्हतं. मुंबईच्या एआरटी केंद्रांत समुपदेशक आधीच बसलेला आहे, बहुतेक ठिकाणी स्वतः एचआयव्हीसह जगणारा केअर कोऑर्डिनेटरही आहे. रुग्ण ठरलेल्या दिवशी त्यांच्यासमोर येतोच, आयुष्यभर येणार आहे. शिकवण्याची पद्धत गोव्यात तयार आहे, माणसं आणि टेबल मुंबईत. या दोहोंची गाठ घालून देणं हे माझ्या मते या विषयातलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत रखडलेलं काम आहे.

सुरुवात पाच प्रश्नांनी होऊ शकते: पिण्याबद्दलचे तीन आणि मनाबद्दलचे दोन. जगभर तपासलेल्या छोट्या प्रश्नावल्या आहेत, दोन-तीन मिनिटं पुरतात. पण आधी विचारण्याची रीत बदलावी लागेल. बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजण्याची पद्धत आहे, आणि ती माहीत असलेला माणूस येताना जास्तीच्या गोळ्या गटारात टाकून येतो. 'रोज घेता ना?' या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर असतं. 'सगळ्यांच्याच कधीतरी राहतात, गेल्या चार दिवसांत तुमच्या किती राहिल्या?' असं विचारलं की आकडा येतो. 'पिता का?' ऐवजी 'ज्या दिवशी बसता त्या दिवशी गोळीचं काय करता?' असं विचारलं, की लेखाच्या सुरुवातीचं वाक्य बाहेर येतं आणि त्यावर काम करता येतं. विषाणूंची मोजणी हजाराच्या वर गेली, की केंद्रात समुपदेशनाच्या जादा भेटी ठरतात. त्याच भेटींत दारू आणि मन यांचाही विषय काढावा. तोवर ज्याला घरी बसून कुणाशी बोलायचं आहे त्याच्यासाठी फोन आहेत: मनासाठी टेलिमानस १४४१६, व्यसनासाठी १४४४६, एचआयव्हीसाठी १०९७.

अडचण माणसांच्या नेमणुकीची आहे. एआरटी केंद्रातले समुपदेशक कंत्राटी आहेत. त्यांच्याकडे रोजच्या रांगेपलीकडे आणखी एक काम दिलं, तर ते पाच प्रश्न रजिस्टरचा आणखी एक रकाना होतील आणि दुपारी एकदम भरले जातील. गोव्यात समुपदेशक आपल्या भेटी ध्वनिमुद्रित करून, एकमेकांसमोर ऐकवून, एकमेकांना गुण देत शिकत गेले. त्यासाठी दर आठवड्याला ओपीडीतून मोकळा, पगारी वेळ लागतो. असा एक तास मुंबईच्या एआरटी केंद्रांना द्यायचा, तर तो अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली धरायचा, एचआयव्हीच्या, मानसिक आरोग्याच्या की व्यसनमुक्तीच्या, हे आधी कुणाला तरी ठरवावं लागेल.